इंजिनाची तिरडी

इंद्रभानच्या गाडीचं दुसरं इंजिन मेलं ते सिंदखेडच्या अलीकडच्या चढावर, भरल्या सवारीत. मी पुढच्या सीटवर होतो, फुकट. कडाड्‌कन असा आवाज झाला का मागची एक बाई ओरडली, "अवं माय, कोनं गोटा मारला व?" गोटा नव्हता. इंजिनातला लोखंडी दांडा इंजिनाचंच पोट फाडून भाईर आलता. खाली काळं तेल वाहून राह्यलं होतं, जसं कोणी बोकड कापला.

इंद्रभान खाली उतरला, वाकून पाह्यलं, अन् रस्त्याच्या कडेले बसला. बोलला फक्त एवढंच, "महादूभाऊ, आता मेव्हणा हासन."

हे मेव्हण्याचं सांगतलंच पाह्यजे. इंद्रभाननं गाडी घेतली ती वावर देऊन. मळ्याचं काळंभोर वावर बायकोच्या, शालूबाईच्या, भावाले, उत्तमरावले, लिहून देलं अन् 'गजराज' कंपनीची नवी कोरी मोटार आणली. देऊळगावराजा ते लोणार सवारी मारे. सकाळी मेथी-वांग्याची पोती टपावर, आत माणसं, दारात लोंबकळणारे येगळे. उत्तमराव तवाच बोलला होता, "पावणं, मोटार बसली का या माह्याकडं. सालदाराची जागा ठेवून देतो." म्हणजे आपल्याच वावरात, आपल्याच मोटेवर, वरसाच्या बोलीनं राबणारा मेव्हण्याचा सालदार! माणसानं त्यापेक्षा लोणारच्या तळ्यात जाऊन बसावं.

अन् मी कोण, त मी महादू. देऊळगावच्या मोटारस्टँडवर भाड्यानं सायकली देतो. तलाठ्याच्या सायकलीची घंटी मीच काढतो अन् मीच त्याले दुसरी म्हणून बसवून देतो, तो मले लय इमानदार समजते. पण इंद्रभान माहा दोस्त. दोस्ताच्या घंटीले मी हात लावत नाई.

आता माहा जीव काऊन जळला ते आयका. गाडी घेऊन वरीस नव्हतं झालं तवा कंपनीनं सोताच सांगावा धाडला. त्या खेपेच्या साऱ्या गाड्यांच्या इंजिनात खोट हाय, ओतकामाले चिरा पडून राह्यल्या, गाड्या वापस आणा, इंजिन बदलून देतो, फुकट. इंद्रभानले वाटलं, काय देवासारखी कंपनी! चिखलीले गेला, गुलाबरावाच्या एजन्सीत नवं इंजिन बसवलं, पेढे वाटत आला.

पेढा तोंडात होता तवापासून त्या नव्या इंजिनातून आवाज ये. टक, टक, टक. इंद्रभान गाडी घेऊन चिखलीले गेला. गुलाबराव कानाले हात लावून आयके अन् म्हणे, "नवं आहे. रुळू द्या." पुन्हा गेला. "रुळू द्या." पेरण्या झाल्या, निंदण झालं, मूग तोडला, तरी हे आपलं रुळूनच राह्यलं. अन् गाडीले वरीस उलटलं तसं दांडा भाईर!

आमी दोघं गेलो एजन्सीत. गुलाबराव टेरेलिनचा शर्ट घालून पंख्याखाली बसेल. पुण्यात शिकून आलेला, मराठी अशी बोले जशी इस्त्री करून आणली.

"गाडी कधी घेतली?" तो म्हणे.

"गाडीचं सोडा. इंजिन तुमी मिरगाच्या टायमाले बसवलं," इंद्रभान बोलला.

"हमी गाडीची असते. एक वर्ष. वर्ष संपलं."

"गाडी धड हाय ना जी. इंजिन मेलं. ते त काल जल्मलं होतं!"

"ते इंजिन कंपनीनं फुकट दिलेलं. तुमच्या बिलात आहे का ते? नाही. बिलात नाही म्हणजे ते तुमचं नाही. मग तुमची तक्रार कसली?"

माहं टाळकं सणकलं. खोट तुमची, बदलून देणारे तुमी, टकटक आयकून झोपवणारे तुमी, अन् मेलं त आमी कोणी नाई? पण मी हासलो. माह्या हासण्याले आमच्या गावातली कुत्री बी भेतात.

"गुलाबराव," मी म्हणलं, "आमी अडाणी माणसं. एक डाव पुन्हा सांगा. इंजिन कोनाचं?"

"कंपनीचं."

तिथी दोन गिऱ्हाईक बसले होते, त्यायच्याकडं पाहून मी म्हणलं, "आयकलं ना बाप्पा? कंपनीचं."

भाईर आल्यावर इंद्रभान म्हणे, "हासतं काय बे, माहं घर बुडालं."

मी म्हणलं, "घर नाई बुडालं. घरात मैत झालं. आता मैतासारखं वागू."

गावात येऊन मी सीधा मंजुळाबाईच्या घरी. पाच-पंचवीस गावांत मंजुळाबाईवाणी रडणारं कोणी नाई. मैतीले ती आली का गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढे, अन् मेलेल्याच्या जल्मापासूनची गोठ गाऊन सांगे. ज्याचं मेलेल्याशी भांडण असन त्याच्या बी डोळ्याले पाणी ये. मी सांगतलं तशी कमरेवर हात ठेवून म्हणे, "इंजिनावर रडू? महादू, तुह्या जिभेले हाड नाई."

"वैनी, खोटं वाटत असन त राहू द्या."

तिनं कमरेवरचा हात काढला. "खोटं कायले? शालूच्या चुलीत त्याच्याच जिवावर जाळ होता ना? मंग रडते मी."

दिवस मी बराबर पाह्यला होता. चिखलीचा बाजार, अन् त्याच दिवशी एजन्सीपुढं मांडव. नव्या गाड्यांची पूजा, चाव्या द्याले कंपनीचा मुंबईचा साहेब येणार.

आमी कांद्याच्या ट्रकमंधून चिखलीच्या वेशीवर उतरलो. हिरव्या बांबूची तिरडी, तिच्यावर इंजिन, वरून पांढरी चादर, गुलाल. माणसापेक्षा जड, म्हणून आठ खांदेकरी लावले. पुढं इंद्रभान, हातात शिकाळ्यात धुपतं मडकं. मागं मंजुळाबाई, शालूबाई अन् चार बाया. सोबत मी आमचा न्हावी घेतला होता, वस्तरा-वाटीसकट.

बाजारातून निघालो. लोक टोप्या काढत, बाजूले होत. कोणी इचारलं, "कोण गेलं जी?" मी सांगे, "घर चालवणारा." खोटा एक शब्द नाई. अन् तिरडी नेऊन ठेवली गुलाबरावाच्या पायरीपाशी.

मंजुळाबाईनं पदर तोंडाले लावला अन् पह्यला हेल काढला. मांडवातला बँडवाला वाजवता वाजवता थांबला.

बाजूलेच पंजाबरावचं हाटेल. बाजाराच्या दिवशी भज्याले रांग लागते त्याची. पण आमच्याकडं शेजारी मैत असलं का उचलेपर्यंत चूल पेटवत नाई. पंजाबरावनं भट्टीतली लाकडं भाईर वढली, पाणी शिंपडलं अन् हात जोडून दारात उभा राह्यला. गिऱ्हाईक बी उठले. रडणं आयकत भजे कोणाच्या घशाखाली उतरतात?

गुलाबराव धावत आला. "हे काय? कोण मेलं? इथं का आणलं?"

तेवढ्यात साहेबाची गाडी आली. गोरापान, जाडा, गळ्यात लोकायनं नुकताच घातलेला झेंडूचा हार. बँड बंद अन् बाया रडताना पाहून त्यानं काळा चष्मा काढला.

"कोण गेलं?" त्यानं हळू इचारलं.

मंजुळाबाई वरडली, "लय लहान होता जी! आत्ता बोलाले लागला होता, टक टक करे जी!"

"अरेरे. आजारी होता का?"

"जल्मापासून जी! या बाप्पाले दाखवलं," तिनं गुलाबरावाकडं हात केला, "हे म्हणत, रुळू द्या! रुळू द्या!"

साहेब गुलाबरावावर भडकला. "अहो, लहान लेकरू! डॉक्टरकडे तरी न्यायचं!"

अन् साहेबानं, सांगतो तुमाले, गळ्यातला हार काढला, दोन पावलं पुढं आला, वाकून चादरीवर ठेवला अन् हात जोडले. मी तवा आतल्या आत इतका हासलो का बरगडी दुखाले लागली. मंग मी चादर वढली.

काळं, तेलकट, पोट फाटलेलं इंजिन. वरतं कंपनीचं नाव अन् सोंड वर केलेला हत्ती. सारा बाजार हासला. खांदेकरी हासले, न्हावी हासला, बँडवाल्यानं नगारा बडवला.

साहेब लालेलाल. "चेष्टा लावलीय? पोलिसांना बोलवा!"

अन् तवाच शालूबाई रडली.

ती आतापावतर मंजुळाबाईच्या मागं पदर घेऊन नुसती बसली होती. तिनं हेल नाई काढला, काई नाई. त्या फाटलेल्या लोखंडावर हात ठेवला अन् मुसमुसाले लागली. "दादाच्या वावरात माह्या मालकाले सालदार नका करू हो," एवढंच बोलली, ते बी इंजिनाले. हासणं गेलं. मंजुळाबाईनं तिले जवळ घेतलं, अन् आता ती बी खरीच रडत होती. मी सांगतो, ते माह्या हिशोबात नव्हतं. मले राग आला, त्या इस्त्रीच्या शर्टाचा.

"साहेब," मी म्हणलं, "बोलवा पोलिस. पण मैत उचला आंधी. अग्नी कोनं द्याचा ते सांगा."

"हे लोखंड आहे!" गुलाबराव किंचाळला. "याला अग्नी कसला?"

पंजाबराव दारातूनच बोलला, "हार त साहेबानं घातला ना जी? हार घातला म्हणजे मैत झालं. उचलल्याबिगर मी भट्टी पेटवत नाई."

"आमी देला असता अग्नी," मी म्हणलं, "पण गुलाबराव म्हणे हे इंजिन आमचं नाई, कंपनीचं हाय. मंग जवळचा वारस कोण? हे. नारायणा, पाट मांड." न्हाव्यानं पाट मांडला, वाटीत पाणी घातलं, अन् गुलाबरावाच्या भांग पाडलेल्या डोक्याकडं पाहाले लागला.

"तुम्ही असं बोललात?" साहेबानं इचारलं.

"साहेब, तांत्रिकदृष्ट्या..."

"बोलले जी," मांडवातून आवाज आला. त्या दिवशीचाच एक गिऱ्हाईक, नव्या गाडीची चावी घ्याले आलता. हातातलं नारळ त्यानं खाली ठेवलं. "माह्यापुढं बोलले. साहेब, माह्या गाडीत तुमी उद्या इंजिन बदललं त ते बी माहं नाई का? मंग राहू द्या माही चावी." त्याच्या बाजूच्यानं बी नारळ खाली ठेवलं. मंग तिसऱ्यानं.

साहेब नारळाकडं पाहे, इंजिनाकडं पाहे. मंग म्हणे, "बरं. नवीन इंजिन बसवून देऊ. विषय संपला."

लोक टाळ्या पिटाले लागले. पण इंद्रभान, जो सकाळपासून मडकं धरून उभा होता, तो पुढं आला. "गॅरंटी कवापासून?"

"गाडीची मुदत तर..."

मंजुळाबाईनं छातीभरून श्वास घेतला. सारा बाजार तिच्या तोंडाकडं पाहाले लागला.

"बसवलं त्या दिवसापासून," साहेब घाईनं बोलला. "पुरं एक वर्ष."

"मोठ्यानं सांगा जी," इंद्रभान म्हणे. "मागच्यायले आयकू नाई गेलं. अन् एकट्या माह्यासाठी नोका सांगू, त्या खेपेच्या ज्या ज्या गाडीचं इंजिन बदललं त्या साऱ्यायसाठी सांगा."

साहेब मांडवातल्या खुर्चीवर चढला अन् सांगतलं. भाजीवाल्यायनं आयकलं, बांगडीवाल्यानं आयकलं, एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारायची थांबवून आयकलं. आता ते बिलात असो का नसो, साऱ्या बाजाराच्या कानात होतं.

मंग तिरडी आत न्याची होती. माहे आठ खांदेकरी मांडी घालून बसले. "आमचं नाई जी, कंपनीचं हाय," ते म्हणत. एजन्सीचे मिस्त्री आले, तरी एक खांदा कमी पडे. साहेबानं नुसतं गुलाबरावाकडं पाह्यलं. टेरेलिनच्या शर्टावर काळं तेल उतरत गेलं, खांद्यापासून कमरेपर्यंत. ते डाग निघाले नसन, असा माहा अंदाज हाय. अन् तसाच माहा नवस हाय.

इंद्रभाननं मडकं एजन्सीच्या पायरीवर आपटलं. पंजाबरावनं भट्टी पेटवली. पह्यला घाणा त्यानं आमच्यापुढं आणून ठेवला, गरम भजे अन् हिरव्या मिरच्या. "मैतीहून आलेल्यायनं उपाशी जाऊ नाई," म्हणे.

शालूबाईनं डोळे पुसले, एक मिरची दातानं तोडली अन् मले म्हणे, "महादूभाऊ, तुमी स्टँडवर असता. दादा भेटला त सांगजा, सालदार दुसरा पाह्य म्हणा."