टँकरची वेळ

"गुरुजी, त्या ख्वाजाला टँकरवरून काढा. नियम मोडतोय त्यो."

पंडित गुरुजींनी हातातली चुन्याची बादली खाली ठेवली. कोरोनामुळे शाळा बंद होती आणि पोरांच्या जागी ऊसतोडीवरून परतलेली टोळी विलगीकरणासाठी त्यांच्या ताब्यात दिली होती. निदान ही माणसं एकमेकांच्या तक्रारी आणणार नाहीत, असं त्यांना पहिल्या दिवशी वाटलं होतं.

"काय केलं ख्वाजानं?"

"बायामाणसांशी बोलतो," आश्रुबा म्हणाला.

"कोणत्या बायांशी?"

"आमच्याच बाईशी."

"किती अंतरावरून?"

गुरुजी फाटकापाशी गेले आणि तिथून मैदानातल्या लिंबापर्यंत पावलं टाकत आले. मग रुमाल नाकावर नीट ओढून म्हणाले, "सरकारनं सहा फूट सांगितलंय. हे चाळीसाच्या पुढं जातंय. उभ्या तालुक्यात एवढा नियम कुणी पाळत नसेल. आणि तुम्ही चौघं एका सतरंजीवर पत्ते कुटता, ते मला दिसत नाही असं समजू नका."

आश्रुबा सातवीच्या वर्गात परत गेला. सातवीत पुरुष होते, पहिलीत बाया. नवराबायकोला एका खोलीत ठेवावं की नाही, याबद्दल वरून आलेल्या कागदात काही नव्हतं, आणि कागदात नाही ते करायचं नाही, ही गुरुजींची सगळी नोकरी होती. त्यामुळे वीस-बावीस हंगाम एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, म्हणून कारखान्याच्या वहीत एका नावावर लागलेले आश्रुबा आणि भिवराबाई पहिल्यांदाच दोन वर्गांत बसले. मधे मैदान होतं.

फडात आश्रुबा पुढं असायचा, तोंड उसाकडं. भिवराबाई मागं, मोळ्या बांधत. गाडीरस्त्यानं चालतानाही तसंच. बायको मागं आहे हे त्याला पाचटाच्या आवाजावरून कळे आणि तेवढं त्याला पुरे. "आण", "बांध", "उचल", एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा संसार झाला होता. लेकीचं, मनकर्णाचं, लग्नसुद्धा त्यातच उरकलं होतं.

आता ती समोरून दिसत होती. लिंबाखाली गुरुजींनी चुन्याची रिंगणं आखली होती. त्यातल्या एका रिंगणात भिवराबाई पाय लांब करून बसे, आणि रिंगणात दुसऱ्या कुणी यायचं नाही, असा सरकारी हुकूमच असल्यामुळे तिला तिथून कुणी उठवत नव्हतं. ती अशी बसू शकते, हे आश्रुबाला नवीन होतं. ती हसतेही, हे त्याहून नवीन. खालचा एक दात पडलेला होता. तो केव्हा पडला, हे आश्रुबानं पुष्कळ आठवून पाहिलं.

ती हसे ती टँकरच्या वेळेला.

टँकर मागच्या दुष्काळात सुरू झाला होता. मधे पाऊस बरा झाला, पण टँकर चालूच राहिला. त्याचा ड्रायव्हर ख्वाजा, नेकनूर गावचा. तो पाइप फाटकातून आत सोडायचा आणि स्वतः बाहेर, केबिनच्या पायरीवर बसायचा. इंजिन चालू असे, त्यामुळे जे बोलायचं ते ओरडून बोलावं लागे आणि सगळ्या शाळेला ऐकू येई. आश्रुबाचा संशय त्यामुळेच वाढला. चोरून बोलले असते तर त्याला निदान काही शोधता आलं असतं.

"वैनी, पाय कैसाय आज?"

"कमी हाय. सकाळच्याला लई ठणकत होता."

"अम्मीनं एरंडाचं पान सांगितलंय. गरम करून बांधा. आणलंय मी, फाटकाला लटकावतो."

"अजमतबीला सलाम सांग रे बाबा. म्हातारीला माझ्या पायाचं काय पडलंय!"

"रोज विचारती ती. आज काय सांगू म्हनतो मी, तर म्हनती, तू जाऊन विचार के न्हाई!"

आणि भिवराबाई हसली.

सातवीच्या खिडकीत आश्रुबाशेजारी धुळाजी उभा होता. दोघं कित्येक हंगाम एकाच टोळीत होते. "वैनीचा पाय दुखतोय व्हय बे?" त्यानं विचारलं.

"दुखतोय की. मला म्हाईत हाय."

"कावून दुखतोय?"

"कामानं."

"आन ख्वाजाला कुणी सांगितलं?"

"पत्ते वाट," आश्रुबा म्हणाला.

त्या दिवशी दुपारी दूध संस्थेचे चेअरमन बादलीभर दूध घेऊन आले. अंतर पाळायचं म्हणून बादलीला दोघा संचालकांनी लांब काठी घालून धरलं होतं आणि फोटोसाठी तिघं एकमेकांना खेटून उभे राहिले. फोटोत मागं लिंबाखालची भिवराबाई आली, पायाला पान बांधलेली. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलात गेला. आश्रुबाच्या डोळ्यांसमोर मात्र फक्त ख्वाजाचाच मोबाइल येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, टँकर यायच्या आधी आपण बोलायचं. बोलणं काही ख्वाजाच्या बापाचं नाही. त्यानं डोक्याला पाणी लावलं, व्हरांड्याच्या टोकाला आला आणि ओरडला.

"मनकर्णाचे माय!"

पहिलीच्या दारात सगळ्या बाया गोळा झाल्या. भिवराबाई रिंगणातून अर्धी उठली.

"काय वो? काय हरवलं?"

"हरवलं न्हाई काही."

"मग कोयता सापडंना व्हय? पोत्यात हाय बगा, तळाला."

"कोयता हाय." आश्रुबानं घसा साफ केला. "जेवलीस का?"

"तुमी जेवलात त्यातलंच जेवले की. एकच पातेलं आलतं."

बाया खोऽ खोऽ हसल्या. छबुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "इचारा दाजी, आजून इचारा! मीठ कसं हुतं ते इचारा!"

पुढचं वाक्य आश्रुबानं आणलंच नव्हतं. तो नळ बघायला आल्यासारखा नळाकडं गेला. नळाला पाणी नव्हतं, ते सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात टँकर आला. "वैनी, पाय?" ख्वाजा केबिनमधूनच ओरडला, आणि भिवराबाईनं रिंगणात उभं राहून चार पावलं टाकून दाखवली. ती लुगड्याचा काठ उचलून चालली, परत फिरली, आणि ख्वाजानं लांबूनच "वा वा" म्हणून हात हलवला. आश्रुबानं हे नळापाशी उभं राहून पाहिलं. मधे बाया होत्या, पाय काही दिसला नाही.

शाळेतून सुटायच्या दिवशी नर्सबाई आल्या. ताप कुणालाच नव्हता. "घरी गेल्यावरही थोडे दिवस अंतर ठेवा," त्यांनी सांगितलं. टोळी पांगली. फाटकाबाहेर टँकर उभाच होता.

"चला वैनी. पायाकडं बघा."

"बगतो आमी," आश्रुबा म्हणाला. भिवराबाईच्या आधी.

वस्तीचा रस्ता माळावरून होता. आश्रुबा नेहमीसारखा पुढं, भिवराबाई डोक्यावर बोचकं घेऊन मागं. बरंच चालून झाल्यावर आश्रुबा मान न वळवता म्हणाला, "पाय कसा हाय?"

मागची पावलं थांबली. "कुणाचा?"

"तुझा. आजून कुणाचा?"

"हाय की." मग तिनं विचारलं, "कोणता म्हनता?"

ती एवढं सोपं विचारेल असं आश्रुबाला वाटलं नव्हतं. त्यानं फड आठवला, लिंब आठवला, फोटो आठवला. मागं वळून पाहिलं असतं तर काम भागलं असतं. पण ती परीक्षेतल्यासारखी नक्कल झाली असती, आणि ख्वाजानं काही नक्कल केली नव्हती.

"डावा," तो म्हणाला. टोळीचा मुकादम उसाच्या गाडीचं वजन सांगतो, तसं ठामपणे.

मग भिवराबाई हळू म्हणाली, "डावा बराय."

आश्रुबाला हलकं वाटलं. इतके दिवस जे एका टँकरवाल्याला जमत होतं, ते आपण पहिल्या दमात केलं. त्या खुशीत तो रस्त्याच्या कडेला सरकला. "व्हय म्होरं."

"कावून?"

"नर्सबाईनं अंतर सांगितलंय. व्हय."

भिवराबाईनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. अंगात कणकण आहे का, असं तिला वाटलं असावं. मग बोचकं सावरून ती पुढं झाली. आश्रुबानं सहा फूट जाऊ दिले आणि मागं निघाला.

ती डावं पाऊल नीट टेकवत होती. उजवं मात्र तापलेल्या तव्यावर पडल्यासारखं टेकताच उचलत होती.

वस्ती येईपर्यंत आश्रुबानं अंतर बरोबर पाळलं.