तिसरी सायकल

बेनासारहून वर डोंगरात जाणारा रस्ता आपल्या दोघींचाच आहे, असं रेमेई धरून चालली होती. सरकारनं तो कधीकाळी मोटारींसाठी बांधला खरा, पण मोटारी येणार कशाला? वरच्या वस्त्या ओस पडल्या, माणसं बार्सेलोनाच्या कारखान्यांत गेली ती गेलीच. मागे उरला दगडी बांधांमधून वळत जाणारा डांबराचा अरुंद पट्टा, त्यावर शेळ्यांच्या लेंड्या, आणि दर गुरुवारी सकाळी दोन सायकली. एक रेमेईची, एक कोन्सोलची. पाववाल्याची व्हॅन सोडली तर अख्ख्या सकाळीत काही आडवं येत नसे.

दोघी तरुणपणी घोंगड्यांच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर होत्या. तेव्हा दोघींत मिळून एकच सायकल होती. रेमेई चालवायची, कोन्सोल मागे बसून गाणी म्हणायची. पाद्रीबुवांनी एकदा बायकांनी सायकलवर पाय हलवण्याबद्दल चर्चमध्ये तिखट प्रवचन दिलं, तर पुढच्या रविवारी ह्या दोघी सायकलवरूनच चर्चला गेल्या आणि सायकल पाद्रीबुवांच्याच दाराला टेकवून ठेवली. मग लग्नं झाली, मुलं झाली, सायकली दोन झाल्या, नवरे गेले. गुरुवार मात्र कुणी मोडला नाही.

रेमेई कायम पुढे असायची. कोन्सोल मागे, कारण तिला वाटेत भेटेल त्या धनगराशी, ऑलिव्ह झोडणाऱ्या भेटेल त्या माणसाशी बोलायचं असे. म्हणून गावातल्या जुन्या सायकल मंडळाचा रिवाज दोघींनी चालू ठेवला होता: पुढची फाट्यावर पोचली की रोझमेरीची एक फांदी तोडायची, आणि ज्या रस्त्याला ती वळणार त्या रस्त्याच्या तोंडाशी ठेवून वर दगड ठेवायचा. मागचीनं फांदी बघायची आणि वळायचं. रस्ता वाऱ्यावर ठरे, आणि वारा आधी पुढचीला लागे. चढ फार झाला की रेमेई मागे येई आणि कोन्सोलच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, तळहात टेकवून तिला ढकलत नेई. दोन्ही सायकली एकीच्या पायांवर चालत. ती जागा रेमेईच्या तळहाताला पाठ झाली होती.

मग एल्विरा आली.

व्हॅलेन्सियातली निवृत्त दंतवैद्य. उन्हाळ्यात तिनं देवळामागचं घर घेतलं, खिडक्यांना निळा रंग दिला, आणि बॅटरीवर चालणारी सायकल आणली. कोन्सोलनंच तिला बोलावलं. रेमेईला विचारलंही नाही. एका गुरुवारी गावच्या कारंज्यापाशी दोन सायकलींऐवजी तीन उभ्या होत्या, इतकंच.

"एकटी आहे गं ती," कोन्सोल म्हणाली. "येऊ दे की."

"रस्ता काय माझ्या बापाचा आहे? येऊ दे," रेमेई म्हणाली, आणि त्या दिवशी एकदाही मागे वळून न बघता थेट वरपर्यंत गेली.

त्यानंतरचा एकेक गुरुवार रेमेईला काट्यासारखा टोचला. कोन्सोल एल्विराच्या विनोदांवर मोठ्यानं हसे, आणि ते विनोद हसण्यासारखे नसत. कोन्सोलच्या बिही फळाच्या वड्यांचा डबा दर वर्षी पहिला रेमेईच्या घरी येई. यंदा तो निळ्या खिडक्यांच्या घरात दिसला. लग्नाच्या दिवशी कोन्सोलचा बूट विहिरीत पडला होता, ही गोष्ट फक्त रेमेईला ठाऊक होती. आता ती एल्विरालाही ठाऊक होती, आणि ती रेमेईलाच पुन्हा रंगवून सांगत होती!

सगळ्यात वाईट म्हणजे तो हात. चढ लागला की एल्विरा बॅटरी वाढवायची आणि एक हात कोन्सोलच्या पाठीवर ठेवून तिला अलगद वर न्यायची. ना दम, ना घाम. वर गप्पा चालू. रेमेई पुढच्या वळणावरून खाली बघायची आणि आणखी जोरात पेडल मारायची.

गुरुवारी जिथं खायला थांबत त्या तोर्रेल्या गावच्या बारमध्ये एकदा तिनं सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, "बॅटरीवर डोंगर चढणारीपेक्षा बसनं जाणारी बरी. ती निदान तिकीट तरी काढते." विदाल बारवाला पोट धरून हसला. एल्विराही हसली. कोन्सोल तेवढी शेंगदाण्याची टरफलं गोळा करत बसली.

नोव्हेंबरातला तो गुरुवार थंड आणि स्वच्छ होता. कड्यावर गिधाडं पंख उघडून ऊन घेत होती. कोन्सोल खालीच एका धनगराशी बोलायला थांबली, आणि एल्विरा एकटीच पुढे निघालेली रेमेईला वरून दिसली.

रेमेई फाट्यावर, दगडी क्रुसापाशी उभी होती. डावीकडचा रस्ता सरळ तोर्रेल्याला, विदालच्या बारकडे उतरतो. उजवीकडचा खिंडीवरून मोठा वळसा घेऊन, चढच चढ चढवून, शेवटी त्याच बारपाशी येतो. कोन्सोलचा गुडघा बिघडल्यापासून दोघी त्या वाटेला गेल्या नव्हत्या.

रेमेईनं फांदी तोडली. ती तिनं उजवीकडे ठेवली.

हिशेब सोपा होता. एल्विरा फांदी बघून वळेल, खिंडीच्या चढावर बॅटरी जीव टाकेल, आणि त्या जड धुडाला ढकलत बाईसाहेब दुपारी कधीतरी उगवतील. ती वळली की फांदी उचलून डावीकडे ठेवायची. मग कोन्सोल येईल, आणि बारमध्ये टेबलाशी दोघीच. पूर्वीसारख्या.

तिनं सायकल दगडी बांधामागे आडवी टाकली आणि स्वतः वाळक्या गवतात उकिडवी बसली. सत्तरी ओलांडलेली बाई, हेल्मेट घालून, बांधाच्या फटीतून रस्त्याकडे बघत. कोणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं.

एल्विरा आली. फांदीपाशी थांबली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि खाली उतरून क्रुसाच्या पायरीवर बसली. खिशातून संत्रं काढून सोलायला लागली.

'जा ना बये,' रेमेई मनात म्हणाली.

बया जाईना. पायाला मुंग्या आल्या तरी रेमेईला हलता येईना. शेवटी खालून कोन्सोलची सायकल कुरकुरत आली.

"थांबलीस का गं?" कोन्सोलनं विचारलं.

"फांदी उजवीकडे आहे. पण बार डावीकडे, असं तूच म्हणाली होतीस. रेमेईबाई चुकल्या वाटतं."

"रेमेई? आणि फांदी चुकेल?" कोन्सोल हसली. "तिनं ठेवलेल्या फांदीवर मी धुक्यात, पावसात, रडत, कशीही वळले आहे. एकदाही चुकली नाही. खिंडीनं जायचंय तिला! बघ, कुठलं तरी वेड घेतलं असणार डोक्यात."

"आणि तुझा गुडघा?"

"गुडघ्याला म्हणावं, रेमेईनं बोलावलंय."

दोघी उजवीकडे वळल्या. चढ तिथूनच सुरू होतो. रेमेईनं फटीतून पाहिलं: तो हात पाठीवर गेला, त्याच जागी, आणि दोघी बोलत बोलत वळणाआड झाल्या.

ती गवतातच बसून राहिली. तिच्या आणि कोन्सोलच्या रस्त्यावर, कित्येक वर्षांनंतर, ती बाई कोन्सोलबरोबर निघाली होती, आणि रेमेईनं स्वतःच्या हातानं त्यांना तिकडे धाडलं होतं. डावीकडे जाऊन बारमध्ये बसता आलं असतं. 'अगं, वाऱ्यानं फांदी हलली असेल,' असं म्हणता आलं असतं. पण फांदीवर दगड होता, आणि कोन्सोलचा गुडघा खिंडीकडे निघाला होता. रेमेईनं सायकल बांधावरून उचलली आणि त्यांच्या मागे लागली.

खिंडीच्या अलीकडच्या लांब चढावर तिला आधी एल्विरा दिसली. पायी चालत होती, लालबुंद, आणि ढकलत होती ती कोन्सोलची जुनी सायकल.

"अहो!" एल्विरा धापा टाकत म्हणाली. "तुम्ही मागून कशा?"

"कोन्सोल कुठाय?" रेमेईनं विचारलं.

एल्विरानं हनुवटीनं वर दाखवलं. वरच्या वळणावर कोन्सोल बॅटरीच्या सायकलवर होती. पाठ ताठ, पेडल फिरतंय, आणि चक्क गाणं म्हणतेय. मागच्या सीटवर बसून म्हणायची तेच. रेमेईला आठवेना, हिला आपल्या पुढे गेलेलं कधी पाहिलं होतं.

तिला ते बघवेना. ती उभं राहून पेडल मारत, छाती फुटेपर्यंत चढली. खिंडीत कोन्सोल सायकल टेकवून उभी होती. रेमेईला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला.

"तू पुढे होतीस ना?"

रेमेई हँडलवर ओणवून धापा टाकत होती. कोन्सोल जवळ आली. तिनं रेमेईच्या लोकरी बाहीवरून एक कुसळ काढलं, मग दुसरं. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत कुसळंच कुसळं.

"डांबरावर ही लागत नाहीत," कोन्सोल हळू म्हणाली. "बांधामागे बसली होतीस?"

रेमेई स्वतःच पोटरीवरची कुसळं उपटू लागली.

"म्हणजे आम्ही बोललो ते ऐकलंस तू."

"ऐकलं."

"तिला चुकवायला ठेवलीस ना फांदी? माझ्याशी खोटं बोलायचं तर तोंडानं बोल, बाई. फांदीनं नको."

तिनं हे इतक्या शांतपणे म्हटलं की रेमेईला ओरडा परवडला असता. मग तिच्या तोंडून नको ते बाहेर पडलंच.

"ती तुझ्या पाठीवर हात ठेवते ते मला बघवत नाही. ती जागा माझी आहे."

 हसू कोन्सोलच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

"नाताळ झाला की माझा गुडघा बदलणार आहेत," ती म्हणाली. "त्यानंतर साधी सायकल चढावर चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणतो. बॅटरीची चालेल. म्हणून तिच्याशी गट्टी केली आधी. जमतं का ते बघायचं होतं. नंतर ती बाई आवडली, ते वेगळं."

"मला का नाही सांगितलंस?"

"बसनं जाणारी बरी म्हणालीस, तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसले होते."

खालून एल्विरा सायकल ढकलत, अडखळत येताना दिसत होती. रेमेईला कळलं, ती पोचायच्या आत बोलायला हवं. बॅटरीच्या सायकलवर कोन्सोल पुढे राहणार. दर गुरुवारी, प्रत्येक चढावर. मागून एकटीनं यायचं ते रेमेईनं. नाहीतर कोन्सोल येणारच नाही, आणि रस्ता सगळा एकटीचा.

"घे तसली सायकल," ती म्हणाली.

"मी पुढे जाईन बरं का. थांबणार नाही."

"जा. मरायला जा पुढे."

आता मात्र कोन्सोल हसली, आणि डोळेही पुसले.

"काय झालं?" एल्विरा येऊन पोचली. "कोणी पडलं का?"

"रेमेई पडली होती," कोन्सोल म्हणाली. "आता ठीक आहे."

तिघी उतारानं तोर्रेल्यात आल्या. विदालनं ऑलिव्ह, शेंगदाणे आणि सोडा घातलेली वाइन मांडली. रेमेई हात धुवून आली तोवर त्या दोघी एका बाजूला खुर्च्या लावून बसल्या होत्या, डोकी जवळ. बॅटरी किती चालते, थंडीत घरात ठेवायची का, कोन्सोल विचारत होती आणि एल्विरा टेबलावर बोटानं काढून दाखवत होती. समोरची खुर्ची रेमेईसाठी मोकळी होती.

"रेमेई मावशी, नेहमीचंच ना? बटाट्याचं ऑम्लेट?" विदालनं विचारलं.

"आधी जागा करून दे," रेमेई म्हणाली. तिनं समोरची खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून त्या दोघींच्या मधे आणून आदळली.

"अगं, तिकडे आहे ना ऐसपैस जागा!" कोन्सोल म्हणाली.

"सरका," रेमेई म्हणाली, आणि दोघींची कोपरं बाजूला करत मधोमध बसली. "हं. आता सांगा, काय ती बॅटरी."