कालच्यात बसलेला कॉम्प्युटर

तुळजापुरातल्या हरिबानानांच्या लॉजची वेबसाइट दीक्षानं बनवली होती. ती उघडली की काउंटरवरचा कॉम्प्युटर सकाळपासून एकच सांगत होता : ही साइट सुरक्षित नाही. भाविकांनी आजवर गाद्यांबद्दल लिहिलं होतं, पाण्याबद्दल लिहिलं होतं, पण इतकं कठोर कुणीच लिहिलं नव्हतं.

नानांची अट साधी होती. "माझ्या काउंटरवर, माझ्या डोळ्यांनी कुलूप दिसलं पायजे. मग साइट कायमची तुझ्याकडं. शेजारच्या लॉजवाल्यांनाबी मीच सांगतो."

कुलूप म्हणजे साइटच्या पत्त्याशेजारचं चिमुकलं चित्र. आज ते दिसलं तर दीक्षा अणदूरला घरी राहून काम करणार होती. नाही दिसलं तर संध्याकाळच्या गाडीनं पुणं. तिथं अमृतदादानं तिच्यासाठी कॉल सेंटरात जागा बघून ठेवली होती. लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि शेवटी 'आपला दिवस शुभ असो' म्हणायचं. भरलेली बॅग काउंटरखाली तयारच होती.

साइटला सर्टिफिकेट लागतं, म्हणजे ओळखपत्रच. जुन्याची मुदत संपली, म्हणून दीक्षानं सकाळी नवं काढून सर्व्हरवर चढवलं होतं. तिच्या मोबाइलवर कुलूप आलं. नानांच्या बायकोच्या, बानूबाईंच्या मोबाइलवर आलं. काउंटरवर मात्र 'सर्टिफिकेटची तारीख चुकीची'.

तारखेचीच तक्रार आहे तर अजून ताजं देऊ, म्हणून तिनं दुसरं काढलं. त्याच्या फायली जुळवल्या, सर्व्हर बंद करून चालू केला, ब्राउझर बदलला. कॉम्प्युटर मतावर ठाम.

बानूबाई शेजारी बसून घरातले सगळे दिवे घासत होत्या. म्हणाल्या, "पोरी, चिंच लावून बघ की. ही समई बघ कशी निघाली."

"नको मावशी, त्याला आंबट चालत नाही."

"गाडी किती वाजता हाय म्हणलीस?" नानांनी मायेनं विचारलं. दीक्षानं बॅग पायानं काउंटरखाली आणखी आत सरकवली.

तेवढ्यात तिला वाटलं, चुकीची तारीख सर्टिफिकेटचीच कशावरून? तिनं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख दिसते तिथं भंडारा होता. मशीन आणल्या दिवशी नानांनी पूजा केली होती आणि हात सैल सोडला होता. दीक्षानं नखानं भंडारा खरवडला. खाली कालची तारीख निघाली.

"नाना, हा कॉम्प्युटर कालच्यात बसलाय!"

"व्हय. म्याच बसवला सकाळी," नाना अभिमानानं म्हणाले. "आज अवस. अवसेला कुणी नवं काम सुरू करतं व्हय? म्हणून एक दिस मागं घेतला."

दीक्षाच्या घरी पौर्णिमा पाळत. अवस कधी येते, कधी जाते, याची तिला खबर नसे. समोर दिव्यांचा ढीग घासला जात असूनही तिला ते सुचलं नव्हतं.

"नाना, सर्टिफिकेट आज जन्मलंय. तुमच्या मशीनच्या हिशोबानं ते उद्या जन्मणार. जे अजून जन्मलंच न्हाय त्याला तुम्ही खोली द्याल का?"

"आधार कार्ड बघितल्याबिगर न्हाय."

"मग आजची तारीख लावू."

"आज अवस हाय."

"अन् अवसेला तारीख बदललीत, ते काय जुनं काम व्हतं व्हय?" बानूबाई समईवरून मान न उचलता म्हणाल्या.

मुद्दा नानांना पटला होता, आणि म्हणूनच आवडला नव्हता.

दीक्षानं बॅगेकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाना, मागं नको अन् आज नको. पुढं जायला कुणी अडवलंय? उद्या काय?"

नानांचा चेहरा उजळला. "उद्या श्रावण लागतो की!"

त्यांनी स्वतःच्या हातानं उद्याची तारीख लावली. दीक्षानं पान पुन्हा उघडलं. कुलूप आलं. नानांनी हात जोडले आणि भंडाऱ्याची वाटी उचलली. दीक्षानं त्यांचा हात धरून अलगद दुसऱ्या कोपऱ्याकडं वळवला.

जरा वेळानं नवरात्राचं पहिलं बुकिंग आलं, कलबुर्गीच्या कुणा कल्याणप्पांचं. नानांनी पेढे आणवले. कॉम्प्युटरवर श्रावण लागला होता, आणि त्याच्या शेजारी बानूबाई अवसेचे दिवे मांडत होत्या. दोघांचं एकमेकांत काही अडत नव्हतं.

अमृतचा फोन आला. "निघालीस का?"

"न्हाय दादा. इथं श्रावण लागला."

"आज? आज तर..."

"आमच्या काउंटरवर लागला. तू ये पेढे खायला."

दीक्षानं बॅग उचलली. अणदूरची जीप भरत आली होती. "नाना, उद्या येऊन तारीख सरळ करते."

नानांनी पेढा तोंडात ठेवला आणि पडद्याकडं बघत गंभीरपणे विचारलं, "उद्या म्हंजी कंचा गं? एक तर आत्ताच वापरला आपण."