मूळ मालक मृत

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत आज जिथे नट-बोल्टांचा एक लहानसा कारखाना आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी कौलांची भट्टी होती आणि ती एका जर्मन माणसाची होती, एवढेच राघोत्तमला घरातून ठाऊक होते. तो माणूस त्याच्या आजीचा बाप. त्याने तंजावरच्या एका मराठी बालविधवेशी, अंबुजाबाईंशी, लग्न केले होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत नेऊन ठेवले आणि भट्टी जप्त केली. पुढे त्याचा पत्ता लागला नाही. हळूहळू घरातून त्याचे नावही नाहीसे झाले. उरला तो नुसता ‘भट्टीवाला’.

हा शोध राघोत्तमने हौसेने घेतला नव्हता. तो गोदाआत्याने मागितला होता. आत्या पंच्याऐंशीची. लग्न केले नाही, शाळेत शिकवले, आणि आता दृष्टी गेल्यापासून ती वेलचेरीला भाच्याकडे, राघोत्तमकडेच, राहत होती. तिचे हृदय थकले होते आणि डॉक्टरांनी त्याबाबत काही लपवले नव्हते. तिची आई कावेरी ही त्या जर्मन माणसाची मुलगी. शेवटच्या आजारात ती एकच वाक्य पुटपुटत असे, “मी नाही सांगितलं.” कोणाला आणि काय, हे आत्याने त्या वेळी विचारले नाही. नंतर विचारायला आई राहिली नाही. मरण्याआधी ते कळावे, आई खोटे बोलत असावी हा मनातला संशय एकदाचा फिटावा, एवढीच तिची इच्छा होती.

एक गोष्ट मात्र घरात सर्वांना माहीत होती. बारा वर्षे वाट पाहून अंबुजाबाईंच्या भावाने, एकोजीने, त्या बेपत्ता माणसाची क्रिया उरकली होती. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. कावेरी पंधरा वर्षांची झाली होती. बाप आहे की नाही हे ठरल्याशिवाय तिचे कन्यादान कोणी करायचे, हे ठरत नव्हते. फिरंग्याला गोत्र कुठले, म्हणून भटजी अडले, तेव्हा ज्यांचे गोत्र ठाऊक नसते त्यांचे काश्यप गोत्र त्याला देण्यात आले. अंबुजाबाईंनी दुसऱ्यांदा कुंकू पुसले. मग मामाने भाचीचे लग्न लावून दिले.

नाव नव्हते, म्हणून राघोत्तमने जमिनीचा माग धरला. कारखान्याच्या मालकाने कॉफी मागवण्यापूर्वी “सार, वकील बरोबर आणलाय का?” असे विचारून घेतले. मग त्याने आपला जमिनीच्या मालकीचा पट्टा दाखवला. त्यावरून जुना सर्व्हे नंबर मिळाला, आणि सरकारी दप्तरखान्यात बरेच दिवस घालवल्यावर त्या नंबरची लिलावाची फाइल. तिच्यात नाव होते. कोनराड लेम्के. राघोत्तमने ते तिथल्या बाकावर बसून हलक्या आवाजात उच्चारून पाहिले. त्या नावाला आपल्या घरात या आवाजाखेरीज दुसरी जागा उरलेली नाही, असे त्याला वाटले.

फाइल लिलावाशी संपत नव्हती. जर्मनांवरची देशात येण्याची बंदी उठल्यानंतर, १९२८ साली, लेम्के मद्रासला परतला होता. जमीन मुलीसाठी परत मिळावी असा त्याचा अर्ज होता. थोड्याच दिवसांनी त्याने तो मागे घेतला. त्याचा जबाब खाली नोंदवलेला होता: तिरुवल्लिकेणीला मेव्हण्याच्या घरी गेलो. दार मुलीने उघडले. मला वाटते, तिने मला ओळखले. ती म्हणाली, आमचे वडील वारले, त्यांची क्रिया झाली. तरी माझा अर्ज निकाली काढावा.

त्याखाली कारकुनाने रकाने भरले होते. मूळ मालक मृत. माहिती देणार, मूळ मालक.

तारीख आडी महिन्यातली, तमिळ आषाढातली, होती. नव्या नवऱ्या या महिन्यात माहेरी येतात. बापाला काश्यप गोत्र देऊन ज्या घरात तिला दिली होती, त्या सासरच्या घरी आता बाप जिवंत आहे असे सोळा वर्षांच्या मुलीने कसे सांगायचे होते? परतीच्या लोकल गाडीत राघोत्तम हाच विचार करत राहिला, आणि वेलचेरी येईपर्यंत त्याचे ठरले होते.

आत्या कॉटवर बसून वाट पाहत होती. त्याने नाव सांगितले. तिने ते दोनदा म्हटले. लेम्के जिवंत होते, परत आले होते, घरीही आले होते, हे त्याने सांगितले तेव्हा तिचा हात चादरीवर थांबला.

“दार कोणी उघडलं?”

“एकोजीमामांनी. तेच म्हणाले, तुमची क्रिया झाली म्हणून.”

“म्हणजे आई खरं बोलत होती,” ती म्हणाली. “आणि मी तिला मनातून खोटी धरलं, राघू.”

मग तिने लेम्केंची सही हाताला लावायला मागितली. राघोत्तमने जबाबाची झेरॉक्स तिच्या मांडीवर ठेवली आणि तिचे बोट धरून सहीवर टेकवले. तिने बोट अक्षरांवरून फिरवले, मग थोडे वर नेले, जिथे दार मुलीने उघडल्याचे लिहिले होते. कागद तिथेही गुळगुळीतच होता.

त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवली. जेवताना म्हणाली, “सर्वपित्रीला त्या मामाला पाणी द्यायचं नाही.”

राघोत्तमने आठवण करून दिली की, त्याच मामाने तिच्या आईला वाढवले, तिचे लग्न लावले.

“तरी नाही. दारात आलेल्या माणसाला मेलास म्हणून सांगतात?”

अमावास्येच्या सकाळी राघोत्तम ताम्हन पुढे घेऊन, दर्भाची अंगठी घालून बसला. आत्याला त्याने खुर्ची जवळ आणून दिली होती. ती नावे ऐकत होती. काश्यप गोत्र, कोनराड लेम्के, हे शब्द त्या घरात तर्पणात प्रथमच उच्चारले गेले, आणि तिने पदर डोळ्यांना लावला. कावेरीचे पाणी देऊन झाले. पुढचे नाव दर वर्षी एकोजीचे असे. राघोत्तमने ओंजळीत तीळ घेतले. ज्याने दारातले ते वाक्य उच्चारलेच नव्हते, त्याचे नाव त्याने नुसते ओठ हलवून घेतले आणि पाणी सोडले.

ताम्हनात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आत्याने ओळखला.

“हे कोणाला?”

“लेम्केंनाच,” तो म्हणाला. “पुन्हा.”

“सरी, बरं, दे. एवढ्या लांबून आले होते. त्या दिवशी कोणी पाणी विचारलं नसेल त्यांना.”

राघोत्तमने दुसरी ओंजळ भरली. पुष्कळसे पाणी ताम्हनाबाहेर फरशीवर सांडले.