हनुवटीवरचं पाणी

"आराम से देखिए, बेटा. कोई जल्दी नहीं," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

तुरुंगाच्या अंगणात, भिंतीला पाठ लावून कैदी ओळीने बसले होते. सगळे साधारण एकाच वयाचे, दाढी वाढलेले. कपड्यांवरून कुणी ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या अंगावर सारखीच राखाडी चादर. एक जण सारखा खोकत होता. ज्याला ओळखलं त्याच्या खांद्याला हात लावायचा, एवढंच श्रावस्तीला करायचं होतं.

तिला शोधावंही लागलं नाही. ओळीच्या टोकाकडे, भुवईत खाच असलेला. हाच तो.

श्रावस्तीचे बाबा, शामराव वाघमारे, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सरकारी क्वार्टर सोडायची वेळ जवळ आली, तशी त्यांनी फरीदाबादच्या नव्या सेक्टरमध्ये जागा घेतली आणि घर बांधलं. आजूबाजूला अजून मोहरीची शेतं होती. रस्त्यावर दिव्यांचे खांब उभे होते, पण दिवे लागत नव्हते. "येतील गं. सगळं येतंय आता इकडे," असं ते मीराबाईंना, आपल्या बायकोला, रोज सांगायचे. श्रावस्ती दिल्लीतच मुनिरकाला खोली घेऊन राहायची, विद्यापीठात फौजदारी न्यायाचा अभ्यास करायची आणि शनिवारी घरी यायची. त्या शनिवारी बाबा तिला आणायला स्कूटर घेऊन स्टेशनवर आले होते. सेक्टरच्या वळणावर दोघांनी स्कूटर अडवली. त्यांना स्कूटरच हवी होती. बाबांनी हॅण्डल सोडलं नाही. एकाने त्यांच्या डोक्यात लोखंडी गज घातला. तेवढ्यात समोरून ट्रक आला, त्याच्या उजेडात गजवाल्याच्या तोंडावरचा रुमाल घसरलेला तिने पाहिला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत बाबा गेले होते.

त्यानंतर ती पुन्हा वर्गात जाऊन बसायला लागली. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. शालिनी मॅडम तेव्हा ओळख परेड शिकवत होत्या. "परेड होईपर्यंत आरोपीचं तोंड झाकलेलं पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. "साक्षीदाराला तो आधी दिसला, की मग साक्षीदार कुठला चेहरा ओळखतोय हे खुद्द साक्षीदारालाही सांगता येत नाही." आणि मग श्रावस्तीकडे लक्ष जाऊन त्यांनी पुस्तक मिटलं.

गेल्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, जबाबावर सही राहिली होती म्हणून. तिच्याबरोबर समाधानमामा होता, मीराबाईंचा धाकटा भाऊ. ठाण्यात खेटे घालून घालून त्याने हा तपास हलता ठेवला होता. सही करून तिने मान वर केली, तर समोरच्या बाकावर बेड्या घातलेला एक माणूस पाणी पीत होता. तोंडावरचं फडकं मानेपर्यंत ओढलेलं. ओंजळीतलं पाणी हनुवटीवरून ठिबकत होतं.

"अच्छी तरह देख ले, बेटी," फौजदार हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात खरीच माया होती. "परेड के दिन घबराहट में गलती न हो जाए."

तिने आधीच पाहिलं होतं.

आता अंगणात तिने डोळे मिटले आणि तो रस्ता आठवला. ट्रकचा उजेड, धूळ, घसरलेला रुमाल. चेहरा आला. भुवई, खाच, सगळं आलं. आणि हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

तिने पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा पाणी. त्या संध्याकाळी रस्त्यावर नुसती कोरडी धूळ होती. पाण्याचा थेंब नव्हता. मग त्या रुमालाखाली त्या दिवशी कोण होतं? तिने तो चेहरा खूप खेचून पाहिला. ठाण्यातला माणूस तिथून हलेना.

"पहचाना?"

"एक को पहचानती हूँ, सर. लेकिन उसे मैंने थाने में देखा है. मुझे दिखाया गया था."

मॅजिस्ट्रेटचं पेन थांबलं. "मैं उस शाम की पूछ रहा हूँ."

"उस शाम का अब पता नहीं, सर."

त्यांनी चष्मा काढला. "सोच लो. ये लिख दिया तो आगे अदालत में तुम्हारी पहचान किसी काम की नहीं रहेगी."

"मालूम है, सर. यही पढ़ती हूँ."

ओळीतला तो माणूस जमिनीकडे बघत होता. सुटल्यासारखा नाही, सापडल्यासारखाही नाही. नुसता थंडीत बसून कंटाळलेला.

फाटकाबाहेर मामा आणि मीराबाई उभे होते. ऐकल्यावर मामाने कपाळावर हात मारला.

"अरे यार! फक्त हात लावायचा होता, पोरी! भाओजींनी ह्यासाठी शिकवलं तुला? चोराला सोडवायला?"

"मामा, तो नसला तर?"

"आणि असला तर? मग? बोल ना!"

असला तर तो ह्याच रस्त्यांवरून फिरणार होता, हे तिलाही कळत होतं.

"समाधान, बस्स," मीराबाई म्हणाल्या. "रस्त्यावर ती होती. तू नव्हतास."

मामा पाय आपटत फौजदाराला गाठायला गेला. मायलेकी बसमध्ये चढल्या. मीराबाई खिडकीबाहेर बघत होत्या. कारखान्यांच्या भिंती, नव्या फ्लॅटांच्या जाहिराती, मध्येच मोहरी.

"मी तर त्याला पाहिलंही नाही," त्या म्हणाल्या. "तरी रोज डोळ्यांपुढे येतो. तोंड असतं त्याला."

"कुणासारखं?"

"बदलतं. कधी आपला दूधवाला असतो. परवा घराचं प्लास्टर करणारा होता, बिचारा. मी त्याला चहासुद्धा दिला नाही."

श्रावस्तीने आईचा हात धरला. तो गार होता.

"मी चुकले का, आई?"

"मला नाही कळत, बाळा." त्यांनी पदर ओढून उन्हाच्या बाजूने लेकीच्या तोंडावर धरला. "झोप जरा. रात्रभर जागी होतीस."

श्रावस्तीने डोळे मिटले. त्या माणसाला तिने बाजूला सारलं आणि मागे गेली, वळणाच्याही आधी, ती आणि बाबा स्टेशनवरून नुकते निघाले होते तिथपर्यंत. स्कूटरची घरघर आली. बाबांचा निळा स्वेटर आला, मानेवरचे ताजे कापलेले केस आले. ते काहीतरी बोलत होते, वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. तिने "काय?" म्हणून विचारलं आणि ते वळून बघतील म्हणून वाट पाहत राहिली.

बस सेक्टरच्या थांब्यावर आली तरी ते पाठमोरेच होते.