वाफ्यात पुरलेल्या भाकरी

माह्या सासूले मी उपाशी मारून राह्यली, हे वडनेरात सगळ्याईले माहीत होतं. मले तेवढं सगळ्यात शेवटी कळलं. तेही कोनाच्या तोंडून, तर गल्लीतल्या कलाबाईच्या. नळावर हंडा भरता भरता ती म्हने, संजीवने, म्हाताऱ्या मानसाले काय लागते, अर्धी भाकर, तेवढी तरी देत जाय बाई. हंडा अर्धाच उचलून मी घरी आली. तिथं थांबली असती तर तिच्या झिंज्या धरल्या असत्या, आन् त्या बाईच्या डोक्यावर आता धरासारखं काही राह्यलंही नाई.

आता तुम्हीच सांगा. मी थापते तशी ज्वारीची भाकर आमच्या गल्लीत कोनी थापून दाखवावी. परातीत गरगर फिरते, तव्यावर टम्म फुगते. दोन्ही टाईम बुढीचं ताट मी सोता ओट्यावर नेऊन ठेवत होती. ओट्यावर काऊन, तर तिचं माह्याशी बोलनं बंद होतं आन् माह्या चुलीपाशी बसून ती जेवत नव्हती. ताट पुसल्यासारखं रिकामं वापस ये. तरी बुढी वाळत चालली. मनगटातल्या बांगड्या कोपराकडं सरकाले लागल्या. आन् दिवसभर तोंडाले पदर. कोनी आलं का पदर अजून वर. जसं काही मी तिले तोंड दाखवाले जागा ठेवली नाई.

हे बोलनं बंद झालं कुत्र्यापायी. मागच्या वर्षी वावरातून येता येता बुढीले नाल्यात एक खरजुलं पिल्लू सापडलं. माही सासू कौशल्याबाई, एवढी कडक बाई, जिनं माह्या पोरीले कधी धड मांडीवर घेतलं नाई, तिनं ते पिल्लू पदरात गुंडाळून आनलं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या, तरी नाव ठेवलं ढोल्या. ढोल्या मोठा झाला आन् घरातल्या वस्तू गायब व्हाले लागल्या. माह्या पोरीचा, समीक्षाचा, मोजा गेला, पोछ्याचं फडकं गेलं, आन् मंग माह्या माहेरून आलेली नवी चप्पल गेली, तीही एकाच पायाची. दुसऱ्या पायाची घेऊन मी बुढीसमोर उभी राह्यली.

"याच्यापुढं या घरातली एक वस्तू जरी याच्या तोंडात दिसली," मी म्हनलं, "तर समीक्षाच्या बाबाले सांगून याले संग्रामपूरच्या पलीकडं सातपुड्यात सोडून देईन. बिबटं खाईन त्याले."

बुढीनं ढोल्याले जवळ ओढलं. म्हने, मंग माह्याशी बोलू नको. मी म्हनलं, मले तरी कुठी हौस हाय. त्या दिवसापासून आमची दोघींची जीभ बंद, अन् ताटाचं येनं-जानं तेवढं चालू.

खिचडी केली का मात्र बुढी दुसऱ्यांदा ताट पुढं करे. भाकरीच्या दिवशी कधी नाई. मी मनात म्हने, चोचले पाहा म्हातारीचे.

कलाबाईनं तिले ओट्यावर गाठून इचारलं होतं, सून जेवाले देते का नाई. बुढी बोलली काहीच नाई. नुसता पोटावर हात ठेवला आन् पदर डोळ्याले लावला. बस, तेवढ्यावर कलाबाईनं सारं गाव जेवू घातलं. ते बोलनं पार संग्रामपूरले गेलं, माह्या ननंदेच्या घरी. पुष्पांजलीताईनं भावाले फोन केला. रविवारी येते, म्हने, भगवानकाकाले बोलावून ठेव. आईले घेऊन जाते, पन त्याच्या आधी चार मानसात होऊन जाऊ दे, तिले उपाशी कोनं ठेवलं ते. भगवानराव म्हनजे माहे चुलत सासरे. भाऊबंदकीत त्याईनं एकदा मान हालवली का ती गोष्ट पक्की.

फोन ठेवून माहा नवरा माह्याकडं पाहाले लागला. म्हने, तू बराबर देतं ना तिले? एवढ्या वर्षाच्या संसारात हातावर चटके घेऊन याले भाकर खाऊ घातली, आन् त्याले हे इचारावं लागलं. मी तव्यावरची भाकर जळू दिली आन् तीच त्याच्या ताटात वाढली.

पन रात्रभर मी पोरीच्या सोयरिकीचा इचार करत राह्यली. पुढच्या महिन्यात समीक्षाले पाहाले मलकापूरचे पाहुने येनार होते. चांगलं स्थळ, पोट्टा नोकरीवाला. जिच्या मायनं सासूले उपाशी ठेवलं, तिची पोरगी कोन करून घेईन? भगवानरावानं रविवारी मान हालवली असती, तर सोमवारी ते मलकापूरले कळलं असतं.

घरामागं माहे मेथीचे आन् सांबाराचे वाफे हायत. सांबार म्हनजे तुमची कोथिंबीर. शनिवारी सकाळी मी जुड्या बांधाले गेली, तं ढोल्या सांबाराच्या वाफ्यात नाक खुपसून माती लोटून राह्यला होता. मी ढेकूळ हानलं. तो पळाला. त्यानं माती लोटली होती तिथं पाह्यलं, तं अर्धी भाकर.

माही भाकर. कडबा कुट्टीच्या मशीनीत दबून माहं एक बोट वाकडं झालं हाय, त्याचा ठसा माह्या हरेक भाकरीच्या कडेले उठते. खुरपं घेतलं आन् बाजूची माती उकरली. अजून एक निघाली. पलीकडं अजून. काही बुरसलेल्या, काही कालच्या. सांबार उपटलं गेलं तरी मले भान नव्हतं.

माहं माहेर बीबी गावचं. वावरात आमचे कुत्रे होते, म्हनून कुत्र्याची जात मले चांगली ठाऊक. उपाशी कुत्रं काही लपवत नाई. भेटलं का तिथंच फोडते आन् वरून दुसऱ्याच्या तोंडातलं ओढते. पोट भरल्यावरही पुढ्यात पडलं, का मंग ते भुसभुशीत जागा हुडकते, उकरते, ठेवते आन् नाकानं माती लोटून बुजवते. उद्याची सोय. आन् रोज पानी पडनाऱ्या वाफ्याइतकी मऊ माती त्याले कुठी भेटनार?

म्हनजे ढोल्याचं पोट भरून उरत होतं. आन् भरत कोन होतं? माह्या अंगाचा असा भडका झाला का काय सांगू. ही बुढी माही भाकर रोज कुत्र्याले टाकते, सोता वाळते, पदर लावून ओट्यावर बसते, आन् गावाले दाखवते का पाहा माह्या सुनेनं माहं काय केलं. मले बदनाम कराले तिनं आपलं पोट मारलं. अशी दुष्मनी मी कोनाची पाह्यली नव्हती.

त्याच वख्ती जाऊन तोंडावर भाकरी फेकाव्या वाटल्या. पन मंग म्हनलं, नाई. येऊ द्या रविवार. सगळ्या भाकरी होत्या तशा ठेवल्या, वरून माती सारखी केली.

रविवारी ताई आल्या. आल्याबरोबर मायच्या गळ्यात पडल्या, तिचे मनगटं चाचपले, आन् भगवानरावासमोर माह्याकडं फिरल्या.

"माह्या मायचे हाडं दिसून राह्यले," त्या म्हने, "आन् हे कुत्रं पाहा कसं गुबगुबीत झालं. याले खाले भेटते या घरात, मायले भेटत नाई."

"बराबर बोलल्या ताई," मी म्हनलं. "चला जरा घरामागं."

सगळे आले. माहा नवरा, भगवानराव, ताई, आन् मांगून बुढी, ढोल्याच्या मानेले धरून. मी वाफ्यात उकिडवी बसली आन् खुरपं चालवलं. एक एक भाकर काढून बांधावर मांडत गेली, वाकड्या बोटाचा ठसा वर करून.

"ज्या घरात भाकर भेटत नाई, ताई," मी म्हनलं, "त्या घरचं कुत्रं भाकर पुरून ठेवत नाई."

भगवानरावानं एक भाकर उचलली, माती झटकली, ठसा पाह्यला आन् माह्या हाताकडं पाह्यलं. मंग मान हालवली. त्या एका मानेनं माह्या छातीवरचा दगड उतरला. खोटं कसाले बोलू, इतका आनंद मले समीक्षा झाली तेव्हाही झाला नव्हता.

ताई मायवर उलटल्या. सासरी मी सगळ्याईसमोर रडली, म्हने, भावजयीले नाई नाई ते बोलली, आन् तू अन्न मातीत घालून नाटक करून राह्यली? काऊन केलं असं, सांग. बोलत काऊन नाई? बुढीनं पदर अजून दाबला. ताईनं तिचा पदर धरला, म्हने, तोंड उघड आधी.

मी अजून उकरतच होती. मजा येऊन राह्यली होती मले. खुरपं कशाले तरी कट्टकन लागलं. मले वाटलं माही चप्पल. माती बाजूले केली, तं गुलाबी. आन् गुलाबीले लागून दात.

बुढीची कवळी. वरचीही, खालचीही. नांदुऱ्याच्या डॉक्टरकडं मीच नेलं होतं तिले मापाले, ऑटोत बसवून, आन् येताना दोघी भांडत आलो होतो.

पाठ सगळ्याईकडं होती माही, म्हनून दुसऱ्या कोनाले दिसलं नाई. बुढीले दिसलं. मी वर पाह्यलं तं ती दाताकडं पाहात नव्हती, माह्याकडंही नव्हती पाहात. तिनं ढोल्याची मान दोन्ही हातानं पकडली होती.

तेव्हा सारं उलगडलं. रात्री वाटीत काढून ठेवलेले दात ढोल्यानं पळवले. बुढीनं सांगतलं असतं तर मी त्याले सातपुड्यात सोडलं असतं, तिले माहीत होतं, मी बोलली का करतेच. भाकर दालीत कुस्करून खाल्ली असती तर ते ताट पाहून मी वळखलं असतं, का दात नाईत. म्हनून भाकर कुत्र्याले, आन् तोंडाले पदर. दालीवर आन् भाजीच्या रशावर दिवस काढले तिनं, आन् वाट पाह्यली खिचडीची.

मले दया आली, असं समजू नका. मले राग आला. इतक्या वर्षात माह्यासाठी या बाईनं एक घास कमी खाल्ला नाई. आन् नाल्यातल्या कुत्र्यासाठी उपाशी राह्यली! वाटलं, हात वर करून दात दाखवाचे आन् सांगाचं, पाहा. सारं संग्रामपूर हासलं असतं तिच्या बोळक्या तोंडाले.

पन ताईनं तिचा पदर ओढला आन् माह्या डोक्यात दुसरंच काही गेलं. ते भांडन माहं आन् बुढीचं होतं. आमी दोघींनी ते पोसलं होतं. ताईनं वर्षातून एकदा यावं आन् माह्या सासूच्या तोंडावरचा पदर ओढावा, एवढी ती सस्ती नव्हती. दात कंबरेले खोचले आन् मी दोघींच्या मधात जाऊन उभी राह्यली.

"पदर सोडा, ताई," मी म्हनलं. "माही भाकर कडक होत होती. बुढ्या मानसाले चावन अशी नव्हती. आमचं बोलनं बंद, म्हनून तिनं मले सांगतलं नाई, कुत्र्याले टाकली. बस, एवढंच हाय."

ताईचं तोंड लगेच खुललं. असं म्हन ना मंग, म्हने, म्हातारीले दगडासारख्या भाकरी देनं म्हनजे उपाशी मारनंच झालं. भगवानरावानं पुन्हा मान हालवली, या बारीनं दुसऱ्या बाजूनं. म्हने, सूनबाई, म्हाताऱ्या मानसाची भाकर मऊ पाहिजे. माहा नवरा खाली मान घालून उभा. वडनेरात ज्या भाकरीचा मले अभिमान होता, ती भाकर दगडाची ठरली, आन् ठरवली मीच. आता ते मलकापूरले जाईन तर जाईन. भाकर कडक असल्यानं कोनाची सोयरीक मोडत नाई.

ताईनं मायले चल म्हनलं. बुढीनं मानेनं नाई सांगतलं. चहा पिऊन ताई गेल्या, जाता जाता मले पीठ कसं मळाचं ते शिकवून.

सांजच्याले मी दात साबनानं घासले, मिठाच्या पान्यात ठेवले, पुन्हा घासले. ताटात वाटीत ठेवले, वरून भाकर झाकली आन् ताट ओट्यावर ठेवून आली. बोलली नाई. ढोल्या तिथंच पसरला होता. मी म्हनलं होतं, वस्तू तोंडात दिसली तर. तोंडात कुठी दिसली, मातीत दिसली. माहा शब्द मोडला नाई.

चुलीपाशी येऊन बसली, पन कान ओट्यावर. मंग वाटी वाजली. मंग भाकर मोडल्याचा आवाज आला, आन् मंग चावल्याचा.

"संजीवनी," बुढी म्हने. किती दिवसानं तिचा आवाज ऐकला मी. "भाकर कच्ची हाय."

सारं आंग पेटलं माहं. सकाळी कडक, सांजच्याले कच्ची!

"कच्ची असन तर टाका कुत्र्याले," मी आतूनच म्हनलं.

"नाई," बुढी म्हने. "त्याचं पोट भरलेलं हाय. अजून एक आन."

मी पिठाचा गोळा घेतला आन् थापाले बसली.