तिसऱ्या फळीवरचा अर्धा घड

या, असे पुढे सरकून बसा. बाळाबाईंची पेटी अजून गवसणीतच आहे. एकदा त्यांनी कीर्तनाला सूर लावला की माझं कोण ऐकणार? तोवर ह्या समोरच्या लाकडी जाळीची गोष्ट सांगतो.

हे आपलं देऊळ बांधलं एका गोऱ्या पाद्र्यानं. दगड कोल्हापूरचा काळा, पण त्याच्या मनात होतं स्वतःच्या गावचं पाच-सहाशे वर्षांचं जुनं देऊळ. म्हणून हा बुटका चौकोनी मनोरा, ह्या टोकदार कमानी, होडी पालथी घातल्यासारखं छत. दारातून आत आलं की लगेच बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, कारण मंडळीत यायची वाट पाण्यातून. आणि लोकांची जागा न् वेदीची जागा यांच्यामध्ये ही सागवानी जाळी. वर कमानींची नक्षी, खाली चार-चार फुटांच्या सहा फळ्या. पाद्र्याच्या गावी म्हणे फळ्यांवर संतांची रंगीत चित्रं होती. इथं त्यानं द्राक्षाचे वेल सांगितले. जाळी केली शिवाजी पेठेतल्या एका सुतारानं, ज्यानं जन्मात द्राक्षवेल बघितला नव्हता. पाद्र्यानं कागदावर घड काढून दिले, पानं काढायची राहिली. सुतारानं आपल्या परसातल्या दोडक्याची पानं कोरली. बघा नीट. घड द्राक्षाचे, पानं दोडक्याची!

त्या सुताराचा नातू म्हणजे पिराजी. देवळात बाकाचा पाय हलला, व्यासपीठाची पायरी करकरली, की पिराजीला बोलावणं. चाळीस वर्षं असंच चाललं. सत्त्याण्णव साली तिसऱ्या फळीला वाळवी लागली. हात लावला तर नुसता भुगा. पिराजीनं त्याच दिवशी वखारीत जाऊन सागवान बघून ठेवलं. पण देवळाच्या पंचांनी काम दिलं केरबाला.

"तुमचं डोळं ऱ्हायलं न्हाईत आता, पिराजीअण्णा," पंचांतले बाबासो म्हणाले. "परवा खिळा सोडून बाकच ठोकत हुतासा की!"

सगळे हसले. पिराजीही हसला. घरी आला तो न जेवताच आडवा झाला.

केरबा! पटाशी कशी धरायची ते ज्याला पिराजीनं शिकवलं, आणि दोन वर्षांत जो हत्यारं गुंडाळून शिरोली एमआयडीसीत पॅटर्न करायला गेला. लोखंड ओतायच्या आधी फौंड्रीत त्या भागाचा लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. "शिकला माझ्याकडं, न् कोरतोय पंपाचं बूड," असं पिराजी तेव्हा पेठभर म्हणत फिरला होता. आता तोच पंपाचं बूड कोरणारा आज्याच्या जाळीला हात घालणार होता.

त्या महिन्यात पिराजीचं उपासनेत लक्ष लागेना. मंडळी डोळे मिटून प्रार्थना करायची, हा एक डोळा उघडून त्या रिकाम्या चौकटीकडं बघायचा. भाजी घ्यायला निघाला की पाय केरबाच्या गल्लीकडं वळायचे. एका मंगळवारी केरबानं त्याला दारातूनच हाक मारली.

"वस्ताद! आत या की. फळी हुईत आलीया. एकदा नजर घाला."

पिराजी आत शिरला तो खोड काढायलाच. ह्यानं खऱ्या द्राक्षाची पानं कोरली असणार, चार लोकांत सांगायला बरं होईल, असं मनाशी घोळवत. बघतो तर दोडक्याची पानं. आज्याच्या पटाशीचा प्रत्येक पानाच्या देठाशी एक बारीक टोचा असायचा, तो टोचासुद्धा जागच्या जागी. पिराजीनं फळी उलटसुलट फिरवून बघितली, खोड सापडेना.

मग त्याला ती पट्टी दिसली. फळीवरच पडलेली, स्टीलची. पहिल्या पगाराला केरबा पेढे घेऊन आला होता, तेव्हा त्यानंच कौतुकानं दाखवली होती ती. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुद्दाम वाढीव असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा अंमळ मोठा. चार फुटाला म्हणाल तर जवळजवळ अर्धा इंच. चौकटीचं माप केरबानं साध्या टेपनं घेतलं होतं. पण घरी आखताना सवयीनं हात खिशातल्या पट्टीकडं गेला होता.

"कशी वाटली, वस्ताद? काय चुकलं असलं तर सांगा."

पिराजीनं पट्टीकडं पाहिलं, मग केरबाकडं.

"झकास हाय," तो म्हणाला. "काय चुकलं न्हाय."

चार दिवस तो पोटभर जेवला.

रविवारी हंगामाचा सण, नवं पीक देवाला वाहायचा; संध्याकाळी बाळाबाईंचं कीर्तन. शनिवारी दुपारी केरबा फळी घेऊन देवळात आला. इकडं बाळाबाई बायबलातल्या दोन भावांच्या अर्पणाचं आख्यान घोळवत होत्या. एकाचं अर्पण देवानं पत्करलं, दुसऱ्याचं नाही. पिराजी कुंडाजवळ उभा राहून ऐकत होता. ज्याचं पत्करलं नाही त्याच्या बाजूनं कुणी एक कडवंसुद्धा कसं रचत नाही, असं त्याला वाटत होतं. त्या सुरावटीतच जाळीकडनं ठक् ठक् आवाज आला. फळी बसेना. खालून घातली तर वर अडे, वरनं घातली तर खाली. केरबानं टेप लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"अर्धा इंच जास्त हाय. पन कापू कुठनं? कडंपतोर नक्षी हाय."

बाबासोंनी चौकटीवर बोट ठेवलं. "नवी फळी कशाला इस्कटायची? हा खालचा उंबराच तास की. जुनाच तर हाय. थांब, मी करवत मागून आनतो." आणि ते बाहेर गेले.

उंबरा आज्यानं एकाच अखंड सागवानातून काढलेला. पिराजी चार ढांगांत जाळीपाशी पोचला.

"उंबऱ्याला हात लावशील तर बघ! चूक उंबऱ्याची न्हाय, तुझ्या खिशातल्या पट्टीची हाय."

केरबानं खिशातून पट्टी काढली, टेपाशेजारी धरून बघितली. मग हळूच मान वर केली. "तुमाला कधी कळलं, वस्ताद?"

"मंगळवारी."

बाळाबाईंच्या पेटीच्या आवाजात हे कुणाच्या कानावर गेलं नाही. केरबानं आपली बारीक करवत पिराजीच्या हातात दिली.

"मग तुमीच कापा. माझ्याच नक्षीवर माझा हात हुनार न्हाय."

महिनाभर मनातल्या मनात पिराजीनं ती फळी हजारदा कापली होती. आता करवत हातात आली तर आखलेली रेघच नीट दिसेना. केरबानं खालून फळी धरली, "सावकाश, वस्ताद, डावीकडं जरा," असं सांगत राहिला. पिराजीचे डोळे झाले ते केरबाचे. तळातल्या घडाचे मणी कापले गेले, एक पान गेलं, फळी बसली.

बाबासो करवत घेऊन परतले. "ह्यो घड अर्धा कसा काय?"

"माप चुकलं माझं," केरबा म्हणाला.

आणि खरं सांगू? पिराजीला त्या क्षणीसुद्धा जळफळाट झाला. क्षमा करायचं कामसुद्धा ह्याला आपल्यापेक्षा सफाईनं जमतं, म्हणून! दुसऱ्या दिवशी कीर्तनात तो केरबाच्या शेजारी बसला, पण ध्रुपदाला तोंड उघडलं नाही. पुढं मात्र मरेपर्यंत दर हंगामाच्या सणाला हे सगळं तो स्वतःच सांगायचा. नाहीतर आपल्याला कुठून कळणार होतं? केरबानं कधीच कुणाला सांगितलं नाही.

चला, बाळाबाईंनी पेटी गवसणीतून काढली. कीर्तन संपून निघताना जाळीपाशी जरा वाका, त्या अर्ध्या घडावर बोट ठेवा, आणि केरबाची तेवढी आठवण काढा.